हार्टलीचं ‘द ट्रॅव्हलिंग ग्रेव्ह’: सांगलीत वाचणाऱ्यांकडून सारखे येणारे प्रश्न

हे पुस्तक मी गेली काही वर्षं भेटेल त्याला वाचायला सांगतेय. आमच्या रविवारच्या वाचनाच्या बैठकीत यातल्या गोष्टींवर सलग सहा रविवार बोलणं झालं आणि तेव्हापासून व्हॉट्सॲपवर, फोनवर, मारुती रोडला भाजी घेताना गाठून लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतेय. कुठल्याही गोष्टीचा शेवट इथं सांगितलेला नाही. प्र. ८ आणि प्र. ९ मध्ये मात्र गोष्टीतलं थोडं जास्त आलंय, त्यामुळं त्या गोष्टी वाचायच्या असतील तर आधी वाचा आणि मग तिकडं या.

प्र. १. तुम्ही सारखं नाव घेताय ते पुस्तक नक्की कुठलं? कादंबरी आहे का?

कादंबरी नाही, बारा गोष्टींचा संग्रह आहे. लेखक एल. पी. हार्टली, इंग्लंडचा. पूर्ण नाव ‘द ट्रॅव्हलिंग ग्रेव्ह अँड अदर स्टोरीज’, म्हणजे ‘फिरती कबर आणि इतर गोष्टी’. पहिल्यांदा १९४८ ला निघालं, तेही इंग्लंडमध्ये नाही, अमेरिकेत. इंग्लंडात १९५१ ला आलं. मग बरीच वर्षं ते कुणाला सहज मिळत नव्हतं, आणि २०१७ ला व्हॅलनकोर्ट बुक्स नावाच्या एका छोट्या अमेरिकन प्रकाशन संस्थेनं ते साध्या पेपरबॅकमध्ये परत छापलं. आम्ही वाचतो ती हीच आवृत्ती.

प्र. २. हार्टली म्हणजे भुताच्या गोष्टी लिहिणारा का?

नाही, आणि मला हे पुस्तक आवडायचं निम्मं कारण तेच आहे. हार्टली (१८९५ ते १९७२) हा एकदम मुख्य प्रवाहातला कादंबरीकार. ‘युस्टेस अँड हिल्डा’ या कादंबरीला १९४७ चा जेम्स टेट ब्लॅक पुरस्कार मिळाला, आणि १९५३ ची ‘द गो-बिट्वीन’ तर इंग्रजी साहित्य घेतलेल्या पोरांना ऐकून तरी माहीत असते. भूतकाळ म्हणजे एक परका देश, अशा अर्थाचं तिचं पहिलं वाक्य जगभर फिरतं, पुष्कळांना ते हार्टलीचं आहे हेसुद्धा माहीत नसतं. तिच्यावर १९७१ ला आलेल्या सिनेमाला कान महोत्सवात सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं.

हा माणूस पुस्तक परीक्षणं लिहायचा, वर्षातले कितीतरी महिने व्हेनिसला राहायचा, होडी वल्हवायची त्याला भारी आवड. आणि हे सगळं चालू असताना विशीच्या शेवटापासून तो असल्या विचित्र गोष्टीही लिहीत होता. ‘नाइट फिअर्स’ या नावाचा त्याचा पहिला कथासंग्रह १९२४ चा आहे, म्हणजे मोठ्या कादंबऱ्यांच्या कितीतरी आधीचा. त्यामुळं कादंबऱ्या खऱ्या आणि या गोष्टी फावल्या वेळातल्या, असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. लिहायला तो इथंच शिकला.

प्र. ३. या गोष्टींना ‘वियर्ड’ म्हणतात, ते म्हणजे नेमकं काय? भयकथा, गूढकथा आणि हे यात फरक काय?

सोपं सांगायचं तर भयकथेत तुम्हाला घाबरवायचं असतं, गूढकथेत काहीतरी लपवलेलं असतं आणि शेवटी ते उघडं पडतं. वियर्ड म्हणतात त्या गोष्टीत रोजच्या जगाचा एक खिळा निसटलेला असतो आणि तो परत ठोकून कुणी देत नाही. गोष्ट संपली तरी हिशोब पूर्ण जुळत नाही. मराठीत याला एकच ठरलेला शब्द नाही. आमच्यातल्या एक काकू ‘चमत्कारिक गोष्टी’ म्हणतात. आपल्याकडं चमत्कारिक म्हणजे विचित्रही आणि जरा खटकणारंही, त्यामुळं मला तो शब्द बरोबर वाटतो.

प्र. ४. बारा गोष्टी कोणत्या, आणि सुरुवात कुठून करू?

नावं अशी: ‘अ व्हिजिटर फ्रॉम डाउन अंडर’, ‘पोडोलो’, ‘थ्री, ऑर फोर, फॉर डिनर’, ‘द ट्रॅव्हलिंग ग्रेव्ह’, ‘फीट फोरमोस्ट’, ‘द कोटिलॉन’, ‘अ चेंज ऑफ ओनरशिप’, ‘द थॉट’, ‘कॉनराड अँड द ड्रॅगन’, ‘द आयलंड’, ‘नाइट फिअर्स’ आणि ‘द किलिंग बॉटल’.

सुरुवात ‘नाइट फिअर्स’नं करा, अगदी छोटी आहे, एका बैठकीत होते. नव्यानंच रात्रपाळीला लागलेला एक पहारेकरी रस्त्यावर शेगडीपाशी बसलेला असतो, एक अनोळखी माणूस येऊन शेजारी बसतो आणि गप्पा मारतो. बस, एवढंच. दिवसा झोप लागते का, पगारात भागतं का, तुम्ही इथं रात्रभर असता तेव्हा घरी बायको काय करत असेल, असे साधेच प्रश्न, पानाच्या टपरीवर कुणीही विचारेल असले, आणि एकेका प्रश्नासरशी त्या माणसाच्या पायाखालची जमीन थोडी थोडी सरकत जाते. ही आवडली तर पुढं ‘व्हिजिटर’ घ्या, मग ‘फीट फोरमोस्ट’, मग ज्या गोष्टीचं नाव पुस्तकाला दिलंय ती. आवडली नाही तर पुस्तक तुमच्यासाठी नाही, विकत घेऊ नका, माझी प्रत वाचून परत द्या.

प्र. ५. मी रात्री घरी एकटी असते, खूप भीती वाटेल का?

रक्त, किंकाळ्या, अंगावर येणारं काही नाही. पण सभ्य भाषेत लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. मार्चमधल्या एका बैठकीत ‘नाइट फिअर्स’ मोठ्यानं वाचत होतो, लाइट गेलेली, एकाच्या मोबाइलच्या उजेडात वाचन चाललेलं. शेवटचं पान चालू असताना दारावर टकटक झाली. आम्ही नऊ जण होतो आणि दार उघडायला एकही जण उठला नाही. बाहेर आमचेच एक सर उशिरा आले होते, बिचारे चपला हातात घेऊन पायरीवर उभे. मी स्वतः उठले नाही याचं मला आजही नवल वाटतं, कारण दाराच्या सगळ्यात जवळ मीच बसले होते.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. ‘पोडोलो’त एका उपाशी मांजराचे हाल आहेत, घरात मांजर असेल त्यांना ती वाचवत नाही. आणि मन आधीच खचलेलं असेल तर ‘नाइट फिअर्स’ तूर्त बाजूला ठेवा, नंतर कधीही वाचता येईल.

प्र. ६. धारप किंवा मतकरी वाचलेत, तसंच आहे का?

धारपांसारखं नाही. धारपांच्या जगात वाईट शक्ती असते आणि तिच्याशी लढणारा, तिचे नियम माहीत असलेला कुणीतरी असतो. हार्टलीकडं तसा जाणकार येतच नाही, काय चाललंय हे ज्याला कळतं त्याला ते सांगता येत नाही आणि ज्याला सांगता येईल त्याला कळत नाही. मतकरींच्या गूढकथांशी जवळचं नातं वाटेल, कारण तेही मुळात नाटकं, बालनाट्यं, सगळंच लिहिणारे आणि त्यांच्याकडंही भीती घरातल्या माणसांच्या आपापसातल्या वागण्यातून येते. मतकरी आवडत असतील तर हार्टली जड जाणार नाही.

प्र. ७. सगळ्या गोष्टींत समान असं काय आहे? तुम्ही दर वेळी ‘पाहुणा’ म्हणता ते काय?

हा प्रश्न विचारला की मी जरा जास्तच बोलते, पण या पुस्तकाबद्दल मला मनापासून सांगायचं असतं ते हेच आहे.

बाराच्या बारा नाही, पण बहुतेक गोष्टींत कुणीतरी कुणाकडं तरी पाहुणा म्हणून जातं. वाड्यावर शनिवार-रविवारचं बोलावणं असतं, हॉटेलात जेवायला कुणी यायचं असतं, बेटावरच्या घरी भेटायला जायचं असतं, मुखवटे घालून नाचायचा कार्यक्रम असतो. आणि जे वाईट व्हायचं ते यजमान-पाहुण्याच्या रीतीभातीतूनच होतं. हार्टलीच्या गोष्टींतलं भूत दार फोडून आत येत नाही, त्याला बोलावलेलं असतं, निदान येऊ दिलेलं असतं. माणसाला आतून कळत असतं की हे बरोबर नाही, इथून उठावं, निघावं, पण तसं करणं वाईट दिसेल म्हणून तो बसून राहतो.

आता हे आपल्याला कळणार नाही तर कुणाला कळणार? आपल्याकडं दारात आलेल्याला ‘आत या की’ म्हटल्याशिवाय राहवत नाही, निघालेल्याला ‘चहा घेऊन जावा’ म्हणून परत बसवतो, आणि नको असलेला माणूस तासभर ओसरीवर बसला तरी तोंडावर ‘आता उठा’ म्हणायची आपली टाप नसते. इंग्लंडमधल्या बंगल्यांची नावं आणि जेवणाच्या टेबलावरचे काटे-चमचे बाजूला सारले तर या गोष्टी हरिपूरच्या एखाद्या जुन्या वाड्यात जशाच्या तशा घडतील. भिडस्तपणातून येणारी भीती मी दुसऱ्या कुठल्या लेखकाकडं इतकी नेमकी वाचलेली नाही.

प्र. ८. ‘अ व्हिजिटर फ्रॉम डाउन अंडर’ वाचली पण मधली पोरांची गाणी कशाला आहेत ते कळलं नाही.

गोष्टीतला रम्बोल्ड हा ऑस्ट्रेलियात पैसा करून लंडनला परत आलेला माणूस. ‘डाउन अंडर’ म्हणजे बोलीत ऑस्ट्रेलिया, आणि शब्दशः घेतलं तर खाली, जमिनीखाली. नावातच दोन्ही अर्थ आहेत, हे लक्षात घेतलं की अर्धी गोष्ट उलगडते.

सुरुवातीला पाऊस पडत असतो आणि उघड्या टपाच्या दुमजली बसवर, वरती, एकच प्रवासी भिजत बसलेला असतो. कंडक्टर तिकीट द्यायला वर जातो तर त्या माणसाची बोटं ताठ, तिकीट नीट घेताच येत नाही. हा प्रसंग दोनदा वाचा. त्यात भुताचा उल्लेखही नाही, कंडक्टर आपला हवापाण्याचं बोलतोय, आणि आपल्याला मात्र खाली उतरावंसं वाटायला लागतं.

आता गाणी. रम्बोल्ड हॉटेलात रेडिओ ऐकत पेंगतो, रेडिओवर मुलांच्या पार्टीचा कार्यक्रम लागलेला असतो. त्यात ‘नट्स इन मे’ नावाचा खेळ आहे: पोरांच्या दोन रांगा समोरासमोर, एक रांग म्हणते आम्हाला अमका पाहिजे, दुसरी विचारते त्याला न्यायला कोण येणार, मग नाव घेतलं जातं आणि ओढाओढी होते. इंग्लंडातली पोरं हे हसत खेळत म्हणतात. इथं मात्र रेडिओवरच्या त्या गाण्यात ज्यांची नावं येतात ती ऐकून रम्बोल्ड खाडकन जागा होतो. ‘ऑरेंजेस अँड लेमन्स’ हे दुसरं गाणं आहे, त्यात चर्चच्या घंटा उधारी मागतात, पैसे कधी देणार म्हणून, आणि शेवटी डोकं उडवणारा येतो. म्हणजे गाण्यांतूनच सांगितलंय: कुणाचं तरी देणं राहिलंय आणि वसुलीला माणूस निघालाय.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण द्यायचं तर ‘मामाचं पत्र हरवलं’. गोल करून बसलेलो असतो, पाठीमागून कुणीतरी फिरत असतं, रुमाल आपल्याच मागं पडलाय हे सगळ्यांना दिसतं फक्त आपल्याला नाही. लहानपणी त्या दोन क्षणांत पोटात जे व्हायचं, तेच हार्टलीनं मोठ्या माणसाच्या बाबतीत केलंय. ही गोष्ट १९२६ ला लेडी सिंथिया ॲस्क्विथ यांनी काढलेल्या ‘द घोस्ट बुक’ या संग्रहात पहिल्यांदा लोकांनी वाचली, तेव्हा रेडिओ घरात येऊन थोडीच वर्षं झाली होती. माणूस दिसत नाही आणि आवाज येतो, याची तेव्हा कशी भीती वाटली असेल, विचार करून बघा.

प्र. ९. ‘फीट फोरमोस्ट’ मध्ये उंबरठ्याचं काय आहे? आपल्याकडच्या उंबरठ्यासारखंच का?

बरंचसं. त्या वाड्याचं नावच ‘लो थ्रेशोल्ड हॉल’ आहे, म्हणजे बसक्या उंबऱ्याचा वाडा. तिथली जी बाई आहे तिला स्वतःच्या पायानं आत येता येत नाही, कुणीतरी उचलून उंबरठ्याच्या आत आणावं लागतं. आणि एकदा आली की ज्यानं आणलं त्याच्याच देहाबरोबर ती बाहेर जाते. गोष्टीच्या नावाचा अर्थ ‘पाय पुढं’, इंग्रजीत माणूस पाय पुढं करून घराबाहेर निघाला म्हणजे तो मेला.

आपल्याकडं नवी सून माप ओलांडून आत येते, दिवेलागणीला उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, नरसिंहानं हिरण्यकश्यपूला मारलं तेही उंबऱ्यावरच, ना घरात ना बाहेर. त्यामुळं आमच्या बैठकीतल्या ज्यांचं इंग्रजी जेमतेम आहे त्यांनाही ही गोष्ट पहिल्या झटक्यात कळली, उलट इंग्रजीच्या प्राध्यापकांना मी उंबऱ्याचं सांगितल्यावर ते परत वाचायला बसले.

गोष्टीत खरी कळ मात्र पुढं आहे. हे संकट एकाकडून दुसऱ्याकडं जाऊ शकतं असं कळल्यावर त्या घरातली सज्जन, सुशिक्षित माणसं कशी वागतात, कोण कुणाला वाचवायला पुढं येतं आणि कोण मनातल्या मनात हिशोब करतं, ते बघा. भुतापेक्षा तेच जास्त लक्षात राहतं.

प्र. १०. ‘द ट्रॅव्हलिंग ग्रेव्ह’च्या सुरुवातीला दोघं काय बोलतायत काही समजत नाही, माझं इंग्रजी कच्चं आहे का?

इंग्रजी कच्चं नाही, ती दोघं दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलतायत. यजमान मंट हा शवपेट्या जमवतो. आलेल्या पाहुण्याचा समज होतो की तो बाबागाड्या जमवतो. लांबी किती, आत कोण असलेलं बरं की रिकामी बरी, असं सगळं बोलणं दोन्हीला लागू पडतं. हे एकदा माहीत असलं की वाचताना आधी हसू येतं आणि मग ते हसू हळूहळू घशात अडकतं, कारण मंटच्या संग्रहातली एक पेटी साधी नाही. पुढचं सांगत नाही. घरात अंधार करून लपाछपी खेळतात तो भाग मात्र सावकाश वाचा.

प्र. ११. व्हेनिसच्या गोष्टी इतक्या अंगावर का येतात?

व्हेनिसच्या दोन आहेत, ‘पोडोलो’ आणि ‘थ्री, ऑर फोर, फॉर डिनर’. हार्टलीला ते शहर होडीतून माहीत होतं, त्यामुळं पर्यटकाला दिसतं ते पाणी त्याच्याकडं नाहीच. दुसऱ्या गोष्टीत रात्री परतताना गोंडोला पाण्यातल्या एका प्रेताला लागतो, आणि त्या दोन मित्रांकडं त्याच रात्री एक न पाहिलेला पाहुणा जेवायला यायचा असतो. टेबल तिघांचं की चौघांचं, एवढाच साधा प्रश्न.

कृष्णाकाठी वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पाणी उतरल्यावर घाटावर जो चिखलाचा वास येतो आणि कुणीतरी बोट करून ‘ते काय वाहत चाललंय’ म्हणतं तेव्हा सगळे एकदम गप्प होतात, तो गप्पपणा या गोष्टीत आहे.

प्र. १२. बाराच्या बारा चांगल्या आहेत का? खरं सांगा.

नाहीत. ‘कॉनराड अँड द ड्रॅगन’ ही परीकथा आहे, राजकन्या, ड्रॅगन, तीन भावांतला धाकटा. वाईट नाही, पण बाकीच्यांच्या रांगेत ती वेगळी पडते, एकदम सलग वाचणाऱ्याचा सूर तुटतो, म्हणून ती शेवटी वाचा. ‘द आयलंड’ मला हवेतली आणि थोडी बेतलेली वाटते. ‘द थॉट’ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुढं ढकलली होती आणि दोन वर्षांनी परत वाचल्यावर फार आवडली, एकच विचार माणसाची पाठ सोडत नाही एवढीच गोष्ट आहे पण ज्याला रात्री झोप लागत नाही त्याला ती कळेल. ‘द किलिंग बॉटल’ लांबलीय, पण शेवटची पानं तिला सावरतात. ‘द कोटिलॉन’ नीटस आहे.

प्र. १३. कोटिलॉन, किलिंग बॉटल वगैरे म्हणजे काय? डिक्शनरी घेऊन बसावं लागेल का?

फार नाही. कोटिलॉन हा जोडीदार बदलत बदलत नाचायचा जुना प्रकार. किलिंग बॉटल म्हणजे फुलपाखरं जमवणारे लोक ज्या विषारी बाटलीत ती मारायचे ती, तळाशी सायनाइड असायचं. बाकी भाषा स्वच्छ आहे, वाक्यं सरळ आहेत. अडचण होते ती गोष्टीतली माणसं जे बोलत नाहीत ते समजून घेण्यात, आणि त्याला डिक्शनरीचा उपयोग नाही, जोडीनं वाचायचा उपयोग आहे.

प्र. १४. कुठली आवृत्ती घेऊ? नेटवर पाच-सहा दिसतात.

साधं वाचायचं असेल तर व्हॅलनकोर्टची २०१७ ची. पेपरबॅक आहे, ई-बुकही आहे. पुस्तक बाहेरून येतं त्यामुळं किंमत वरखाली होते, दोन-तीन ठिकाणी बघून मागवा.

बाकीच्यांचा खुलासा असा. १९४८ ची मूळ आवृत्ती अर्कम हाउसची. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात सॉक सिटी म्हणून छोटं गाव आहे, तिथं १९३९ ला ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्रे या दोघांनी लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराचं लेखन पुस्तकरूपानं टिकावं म्हणून ही संस्था काढली. त्यांनी हार्टलीच्या जेमतेम दोनेक हजार प्रती काढल्या, त्यामुळं ती आता संग्राहकांची वस्तू आहे, वाचण्यासाठी तिच्या मागं लागू नका. १९५१ ची जेम्स बॅरीची ब्रिटिश आवृत्ती, तीही जुनीच. २००१ ला टार्टारस प्रेसनं ‘कलेक्टेड मॅकॅब्र स्टोरीज’ काढलं, त्यात या गोष्टींशिवाय नंतरच्याही आहेत. आणि १९७३ चा ‘कम्प्लीट शॉर्ट स्टोरीज’ म्हणजे त्याच्या कथांचा जाड खंड.

तो जाड खंड माझ्याकडं होता. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतलेला, पहिल्या पानावर कुणाची तरी फाउंटन पेननं केलेली सही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर काय काय नेलं, पण पुस्तकांच्या कपाटाचे खालचे दोन खण राहिले. आठ दिवसांनी घर उघडलं तर तो खंड फुगून खणात असा बसलेला की फळी काढल्याशिवाय निघेना. मधली पानं विटेसारखी एक झालेली. ‘पोडोलो’ची पानं तेवढी सुटी निघाली, ती मी ठेवलीत. कोऱ्या पेपरबॅकचं कौतुक मला का वाटतं हे कुणी विचारलं तर कारण हे आहे.

प्र. १५. पुस्तक भिजलं तर काय करायचं?

हा प्रश्न हार्टलीचा नाही पण सांगलीत तो येणारच. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून आधी घाई. उन्हात टाकू नका, इस्त्री तर अजिबात फिरवू नका, पानं वाकडी होतात आणि चिकटतात. सावलीत पंख्याखाली पुस्तक उभं करून पानं हलकी पसरून ठेवा, दर पंधरा-वीस पानांनंतर शाई न लागणारा कोरा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. पुस्तकं खूप असतील आणि लगेच जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, तिथं ती थांबून राहतात, मग एकेक काढून वाळवा. गुळगुळीत चित्रांची पानं एकदा चिकटून वाळली की मग सुटत नाहीत, त्यांना पहिला नंबर द्या.

प्र. १६. इतकं चांगलं पुस्तक इतकी वर्षं दुर्लक्षित का राहिलं?

एक म्हणजे दुकानात ते कुठं ठेवायचं हा प्रश्न. कादंबरीकार म्हणून हार्टलीचा वाचक वेगळा, भुताच्या गोष्टींचा वाचक वेगळा, आणि दोघांनाही हे पुस्तक आपलं वाटलं नाही. दुसरं, ‘द गो-बिट्वीन’ इतकी गाजली की बाकी सगळं तिच्या सावलीत गेलं. तिसरं, पहिली आवृत्ती छोट्या संस्थेची, मोजक्या प्रतींची. आपल्याकडंही सामाजिक कादंबऱ्या लिहिणाऱ्यानं चार विचित्र गोष्टी लिहिल्या की त्या ‘इतर लेखन’ या सदरात जातात आणि समग्र वाङ्मयाच्या शेवटच्या खंडात पडून राहतात.

व्हॅलनकोर्टसारख्या संस्था (ती २००५ ला सुरू झाली) अशी विस्मरणात गेलेली पुस्तकं शोधून परत काढतात. मागणीप्रमाणे थोड्या थोड्या प्रती छापायची सोय आता झालीय, हजारो प्रतींचा धोका घ्यावा लागत नाही, त्यामुळं हे परवडतं. मराठीत हे काम कुणीतरी हातात घ्यावं असं मला फार वाटतं.

प्र. १७. ‘डब्ल्यू. एस.’ नावाची हार्टलीची गोष्ट वाचली होती, ती यात सापडत नाही.

सापडणार नाही. ज्या लेखकाला अनोळखी माणसाकडून पोस्टकार्डं येत राहतात आणि दर कार्डागणिक ती आणखी जवळच्या गावातून आलेली असतात, तीच ना? ती १९४८ नंतरची. तिच्यासाठी टार्टारसचा किंवा समग्र कथांचा खंड बघा (प्र. १४). जमलं तर जरूर वाचा, पोस्टाचा शिक्का बघून इतकी भीती वाटू शकते हे त्याआधी मला माहीत नव्हतं.

प्र. १८. मला यातली एक गोष्ट मराठीत आणायचीय, लेखक तर कधीच वारला, मग छापायला हरकत काय?

हरकत आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो आणि ती मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. हार्टली १९७२ च्या डिसेंबरात गेला, म्हणजे आपल्याकडं हे हक्क २०३२ च्या अखेरपर्यंत आहेत. इंग्लंडात मुदत ७० वर्षांची, तिथं २०४२ ची अखेर. अनुवाद करण्याचा हक्कही मूळ हक्कदाराकडंच असतो, त्यामुळं मासिकात, दिवाळी अंकात, पुस्तकात छापायचा असेल तर परवानगी घ्या. प्रकाशकाला पत्र लिहिलं की हक्क कुणाकडं आहेत ते कळवतात. आणि मोबदला किती मागतील याची धास्ती घेऊन आधीच गप्प बसू नका, विचारायला पैसे पडत नाहीत.

स्वतःच्या वहीत अनुवाद करून ठेवायला कुणाची आडकाठी नाही. मी ‘नाइट फिअर्स’चा केलाय, तो वहीतच आहे.

प्र. १९. मग बैठकीत मोठ्यानं वाचायला, नाट्यवाचन करायला, पीडीएफ ग्रुपवर टाकायला चालतं का?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चारचौघांत पुस्तकातला थोडा भाग वाचून दाखवायला कायद्यानं मोकळीक आहे. हौशी मंडळानं तिकीट न लावता प्रयोग केला तर त्यालाही सूट आहे, पण तिकीट लावलं, पैसे घेतले, की ती सूट गेली. आणि अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकणं चालत नाही, कितीही चांगल्या हेतूनं टाकली तरी. हे पुस्तक परत छापणारी माणसं मूठभर आहेत, त्यांच्या पाचशे प्रती खपल्या तर पुढचं विसरलेलं पुस्तक निघतं. मला दर महिन्याला निदान दोघं तरी पीडीएफ मागतात, आणि दर वेळी मी पुस्तक नेऊन देते.

प्र. २०. मुलांना वाचून दाखवू का?

नववी-दहावीच्या पुढं चालेल, ‘व्हिजिटर’ आणि ‘ट्रॅव्हलिंग ग्रेव्ह’ त्यांना फार आवडतात. त्याहून लहानांना नको. ‘कॉनराड’ परीकथा आहे म्हणून लहानांना चालेल असं वाटतं, पण तिच्यात जी क्रूरता आहे ती लहान मुलांसाठीची नाही.

प्र. २१. तुमची प्रत उसनी मिळेल का?

मिळेल. माझ्याकडं दोन प्रती आहेत, त्यातली एक कायम फिरती. पंधरा दिवस ठेवा. पेन्सिलीनं खुणा केल्या तर हरकत नाही, आधीच्यांच्याही आहेत, त्या वाचायला मजा येते. पान दुमडू नका, भडंग खात खात वाचू नका, तेलाचे डाग निघत नाहीत. पावसाळ्यात नेणाऱ्यांनी पुस्तक जमिनीपासून वरच्या फळीवर ठेवायचं, आणि पाणी वाढायला लागलं की आधी मला फोन करायचा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.